बियाला सोडलेली भेंडी

वाकडमधल्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटला एक चिंचोळी बाल्कनी आहे. तीन वर्षांपूर्वी तिथे पाच ग्रो-बॅगांमध्ये मी भेंडी लावली. बी ऑनलाइन मागवलेलं. पाकीट चकचकीत, मागे बारीक अक्षरांत छापलेलं : 'एफ-१ संकरित'. ॲप टाकताना अटी आणि शर्ती जशा वाचतो, तसंच तेही वाचलं आणि सोडून दिलं.

पाचही झाडं मस्त आली. एका मापाची, एका उंचीची, एकाच आठवड्यात फुलावर आलेली. मध्ये एका रिलीजच्या गडबडीत आठ-दहा दिवस बाल्कनीत पाऊलच टाकलं नाही आणि दोन भेंड्या झाडावरच जून झाल्या. म्हटलं, राहू दे आता. वाळल्या की बी धरू. पुढच्या वर्षी पाकीट नको.

पुढच्या जूनमध्ये ते बी लावलं. आठ झाडं आली आणि आठही वेगळ्या घरातली असावीत अशी. एक नुसतंच उंच वाढत गेलं, एक बुटकं आणि पसरट. एकाच्या भेंडीला इतकी लव की हाताला खाज सुटावी. एकाची फिकट पोपटी. दोन झाडांच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या आणि नंतर अख्खी पानंच पिवळी झाली.

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. आधी आपली चूक शोधायची सवय. मातीत काही कमी पडलं का, पाणी जास्त झालं का, बी ओलं राहिलं का. दोन रविवार व्हिडिओ बघण्यात घालवले आणि शेवटी आजीला फोन केला. आजी परतूर तालुक्यातल्या आमच्या गावी असते. तिने सगळं ऐकून घेतलं आणि हसली.

"पाकिटाचं बी धरीत नसतेत रे लेकरा. ते एका वर्साचं असतंय."

"मग तू काय लावायचीस?"

"आपली भेंडी व्हती ना. आत्याबाईची. तवा कोण पाकीट आणत व्हतं?"

आत्याबाई म्हणजे आजीच्या सासूबाई, माझ्या आजोबांची आई. ही भेंडी शोधता शोधता मी दिल्लीच्या एका संस्थेपर्यंत, बंगालमधल्या एका नाव नसलेल्या परसापर्यंत आणि फिरून पुन्हा जालन्यात आलो. तो प्रवास सांगायचा आहे.

एका वर्षाचं बी

आधी पाकिटाचं कोडं. संकरित बी तयार करताना दोन वेगवेगळे वाण घेतात. ते दोन्ही पिढ्यान्‌पिढ्या स्वतःशीच फळवून इतके स्थिर केलेले असतात की त्यांचं प्रत्येक झाड दुसऱ्यासारखंच येतं. त्यांचा संकर केला की पहिली पिढी, म्हणजे एफ-१, सगळी सारखी येते, कारण प्रत्येक झाडात आईकडचा एक आणि बापाकडचा एक, असाच संच असतो. शिवाय ती बहुतेकदा आईबापांपेक्षा जोमदार निघते.

पण या झाडाचं बी धरलं की पत्ते पुन्हा पिसले जातात. ग्रेगोर मेंडेलने वाटाण्यावर केलेले प्रयोग १८६६ मध्ये छापले, त्यात नेमकं हेच आहे : पहिल्या पिढीत दबलेले गुण दुसऱ्या पिढीत वर येतात. माझ्या आठ झाडांत काही बिघडलेलं नव्हतं. दोन खानदानं एका पाकिटात बांधून ठेवली होती, मी गाठ सोडली इतकंच.

याउलट ज्याला बियाणेवाले 'सरळ वाण' म्हणतात, त्याचं बी धरलं तर तीच भेंडी पुन्हा येते. भेंडीचं फूल बहुतांशी स्वतःच्याच परागाने फळतं. मधमाश्या थोडीफार सरमिसळ करतात, पण शेजारी दुसरी भेंडी नसेल तर वाण बऱ्यापैकी शुद्ध राहतो. भाजीपाल्यात घरी बी धरायला भेंडी, वाल, टोमॅटो सोपे. काकडी-भोपळ्याच्या वेलांचं लग्न मात्र मधमाश्याच लावतात, तिथे शेजारच्या वेलावरही लक्ष ठेवावं लागतं.

आजीची भेंडी सरळ वाणाची होती. ती आली कुठून, याचं उत्तर शोधायला शंभर वर्षं मागे जावं लागतं.

पिवळ्या शिरा

माझ्या बाल्कनीतल्या दोन झाडांना जे झालं, त्याला शेतकरी कुणी केवडा म्हणतात, कुणी हळद्या. आधी पानाच्या शिरा पिवळ्या पडतात, हिरव्या पानावर पिवळी जाळी विणल्यासारखं दिसतं. मग पान पिवळं, भेंडी पिवळी, वेडीवाकडी आणि चिवट. झाड लहान असतानाच हा रोग आला तर हाती काहीच लागत नाही.

या रोगाची पहिली नोंद १९२४ सालची, आपल्याच मुंबई प्रांतातली, कुलकर्णी नावाच्या शास्त्रज्ञांची. पुढे १९४० मध्ये उप्पल, वर्मा आणि कपूर या तिघांनी त्याचा अभ्यास करून तो विषाणूमुळे होतो हे मांडलं. पांढरी माशी या पानावरून त्या पानावर बसते आणि विषाणू पसरवते. बियातून तो येत नाही. म्हणजे रोगट झाडाचं बी धरलं तर बियात विषाणू नसतो, पण त्या रोगाला बळी पडण्याचा स्वभाव असतो.

पावसाळ्यात या रोगाचा जोर फार. त्यामुळे ज्या दिवसांत भेंडी सगळ्यात चांगली वाढावी, त्याच दिवसांत ती लावायला लोक कचरू लागले.

दिल्लीतली भारतीय कृषी संशोधन संस्था यावर उपाय शोधत होती. ही संस्था १९०५ मध्ये बिहारमधल्या पुसा या गावी सुरू झाली. १९३४ च्या भूकंपात तिथली इमारत कोसळली आणि १९३६ मध्ये संस्था दिल्लीला हलवली गेली. गाव सुटलं, नाव सोबत आलं. आजही तिथल्या वाणांच्या नावांपुढे 'पुसा' लागतं.

तिथे हरभजन सिंग नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ होते. देशभर फिरून पिकांचे स्थानिक वाण गोळा करणं आणि त्यांच्या नोंदी ठेवणं, हे त्यांच्या विभागाचं काम. लोक त्यांना भारताचे वाव्हिलोव्ह म्हणत. निकोलाय वाव्हिलोव्ह हे सोव्हिएत शास्त्रज्ञ, ज्यांनी जगभर फिरून बियांचा प्रचंड संग्रह लेनिनग्राडमध्ये उभा केला. स्टालिनच्या राजवटीत त्यांना अटक झाली आणि १९४३ च्या जानेवारीत सारातोव्हच्या तुरुंगात ते गेले. त्याच काळात जर्मन वेढ्यात अडकलेल्या लेनिनग्राडमध्ये त्यांचे सहकारी तो संग्रह राखत होते. भाताच्या बियांनी भरलेल्या खोल्यांत काम करणारे दिमित्री इवानोव्ह उपासमारीने मेले, पण त्या बियांना त्यांनी हात लावला नाही.

हरभजन सिंगांच्या संग्रहात आलेल्या प्रत्येक देशी नमुन्याला 'आयसी' असा क्रमांक मिळायचा. आयसी म्हणजे इंडिजिनस कलेक्शन, देशी संग्रह. त्यातला एक नमुना पश्चिम बंगालमधून आलेला होता. आयसी १५४२.

या भेंडीची गंमत अशी की विषाणू तिच्या अंगात शिरायचा, पण पानांवर काही दिसायचं नाही. झाड आजारी पडायचंच नाही. सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयसी १५४२ चा संकर 'पुसा मखमली' या चांगल्या भेंडीशी केला आणि मग पिढ्यामागून पिढ्या निवड करत गेले. ज्या झाडावर केवडा नाही आणि भेंडी चांगली, त्याचंच बी पुढे. असं करत वाण स्थिर झाला. १९६० च्या सुमारास तो बाहेर आला. नाव ठेवलं 'पुसा सावनी'. सावन म्हणजे श्रावण. पावसाळ्यात टिकणारी भेंडी.

जिचं नाव नाही ती

इथे मी बराच वेळ थांबलो होतो. आयसी १५४२ या चार आकड्यांपाशी.

ज्या बंगालमधून हा नमुना आला, तिथे ती भेंडी आकाशातून पडली नव्हती. कुणाच्या तरी परसात किंवा शेतात ती दरवर्षी लावली जात होती. एखाद्या वर्षी केवड्याने बाकी झाडं गेली असतील आणि जे झाड उभं राहिलं त्याच्याच शेंगा कुणीतरी वाळवल्या असतील. असं अनेक वर्षं घडल्याशिवाय असा वाण बनत नाही. पुढे दिल्लीतल्या शास्त्रज्ञांनी पिढ्यामागून पिढ्या निवड केली तेव्हा ते काम शोधनिबंधात छापून आलं. आधीच्या निवडीच्या वाट्याला एक क्रमांक आला.

भाजीच्या बियांचा इतिहास लिहिणं अवघड जातं ते यामुळेच. धान्याचा इतिहास सापडतो, कारण धान्यावर सारा होता. खंडी, मण, पायली, सगळ्याची नोंद दप्तरात. परसातल्या भेंडीवर कुणी सारा घेतला नाही, म्हणून तिचं दप्तरही नाही.

अगदी नाहीच असं नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सीताध्यक्ष नावाचा अधिकारी आहे, राजाच्या शेतीचा प्रमुख. त्याने धान्य, फुलं, फळं, भाज्या, कंद आणि मुळं यांचं बी योग्य वेळी गोळा करून ठेवावं, असं तिथे सांगितलं आहे. पेरण्याआधी धान्याचं बी सात दिवस रात्री दवात आणि दिवसा उन्हात ठेवावं, कपाशीच्या बियाला शेण चोळावं, अशा बारीक सूचनाही आहेत. सरकीला शेण चोळून पेरायची पद्धत आपल्याकडेही अगदी अलीकडेपर्यंत होती. पण ही नोंद राजाच्या कोठाराची झाली. घरातलं कोठार बाईच्या हातात होतं आणि तिने काही लिहून ठेवलं नाही.

आजीला मी विचारलं, तुम्ही बी ठेवायचात कसं? तिला प्रश्नच विचित्र वाटला. सगळ्यात आधी कळी धरणारं, पण दांडगं आणि निरोगी झाड बघायचं. त्याला चिंधी बांधायची, म्हणजे भाजी तोडणाऱ्या पोरींना कळावं. त्याच्या शेंगांना हात लावायचा नाही. झाडावरच वाळून तपकिरी झाल्या, शिरांवर उकलायला लागल्या की काढायच्या. बी सोलून सावलीत सुकवायचं, चुलीतली चाळलेली राख आणि कडुलिंबाचा वाळला पाला घालून गाडग्यात भरायचं, वर चिंधी बांधून गाडगं उतरंडीत ठेवायचं. दुधी आणि काकडीचं बी शेणात कालवून भिंतीला थापायचं. पेरायच्या आदल्या रात्री भेंडीचं बी भिजू घालायचं, कारण त्याची साल टणक.

राख ओल शोषते, पाला किडे दूर ठेवतो, चुलीजवळची भिंत कोरडी राहते. मी हे तिला समजावून सांगायला लागलो तेव्हा ती म्हणाली, "व्हय, म्हणूनच तर."

तिच्या सांगण्यातली एक गोष्ट माझ्या लक्षात राहिली. बी धरताना ती भेंडी निवडत नव्हती, झाड निवडत होती. एखादी भेंडी मोठी दिसते म्हणून तिचं बी नाही, अख्खं झाड कसं वागलं ते बघून. दिल्लीतही तेच चाललं होतं.

दिल्लीची भेंडी

आता जालना. आमच्या गावापासून रेल्वेने तासाभराचा रस्ता.

बद्रीनारायण बारवाले जालन्याचे शेतकरी. हैदराबाद मुक्तिसंग्रामात तुरुंगात गेलेले. बियाण्याच्या धंद्यात त्यांनी सुरुवात केली ती भेंडीच्या बियापासून, आणि ती भेंडी होती पुसा सावनी. दिल्लीत तयार झालेला वाण शेतावर वाढवायचा, चांगलं बी तयार करायचं आणि शेतकऱ्यांना विकायचं. १९६४ मध्ये त्यांनी जालन्यात महाराष्ट्र हायब्रिड सीड्स कंपनी, म्हणजे महिको, स्थापन केली. पुढे १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. जालना बियाण्यांचं गाव झालं, त्याची सुरुवात या भेंडीत आहे.

मी आजीला विचारलं, आत्याबाईंनी भेंडी आणली कुठून?

"तात्यांनी आणली व्हती जालन्याहून. माझ्या लग्नाच्या दुसऱ्या की तिसऱ्या साली. आत्याबाई तिला दिल्लीची भेंडी म्हणायच्या."

आजीचं लग्न १९६५ चं.

मी फोन कानाला लावून गप्प बसलो. मला एका 'गावरान' वाणाची गोष्ट हवी होती. हजार वर्षं जुनी, कुणाचा हात न लागलेली, पाकिटाच्या विरुद्ध उभी करता येईल अशी. आणि ही भेंडी सरकारी प्रयोगशाळेतून निघून, जालन्याच्या दुकानातून, तात्यांच्या पिशवीतून आमच्या घरी आली होती. बहुधा पाकिटातूनच.

पण मग गावरान म्हणजे तरी काय? भेंडी मुळात आपली की आफ्रिकेची, यावर शास्त्रज्ञांचे वाद आहेत. इंग्रजीतला 'ओक्रा' शब्द पश्चिम आफ्रिकेतल्या इग्बो भाषेतला, 'गंबो' अंगोलाकडच्या भाषेतला. गुलाम करून जहाजांत कोंबलेल्या माणसांसोबत ही भाजी अटलांटिक ओलांडून गेली. मिरची, टोमॅटो, बटाटा तर पोर्तुगिजांच्या काळात आपल्याकडे आले आणि आज मिरचीशिवाय गावरान ठेचा होत नाही.

पुसा सावनी हा सरळ वाण होता. पाकीट एकदा आणायचं, पुढे आपलं आपण. आत्याबाईंनी दरवर्षी चिंधी बांधून झाडं निवडली. आमच्या काळ्या रानात, आमच्या पावसात जी टिकली त्यांचंच बी पुढे गेलं. अशी चाळीस वर्षं. त्यात बहात्तरचा दुष्काळही आला. आजी सांगते, त्या साली घरातलं ज्वारीचं बियाणंसुद्धा दळून खाल्लं, दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायची आणि सुकडी खायची. भेंडीचं गाडगं मात्र तसंच राहिलं. "भेंडीचं बी कोण खातंय? म्हणून वाचलं." पुढच्या पावसाला तीन घरांनी तिच्याकडून ओंजळ-ओंजळ बी नेलं.

दिल्लीची भेंडी गावरान झाली ती अशी.

तेच हात

आता दुसरी बाजू. पुसा सावनीची केवड्याशी लढण्याची ताकद पुढे कमी होत गेली. विषाणूही बदलत असतो. परभणीच्या मराठवाडा कृषी विद्यापीठात जांभळे आणि नेरकर या शास्त्रज्ञांनी भेंडीच्याच कुळातल्या दुसऱ्या एका जातीशी पुसा सावनीचा संकर करून, मग पुन्हा पुन्हा निवड करून 'परभणी क्रांती' हा वाण काढला. १९८० च्या दशकातली ही गोष्ट. तोही सरळ वाण. त्याचंही बी धरता येत होतं.

१९८८ च्या नव्या बियाणे धोरणाने भाजीपाल्याच्या परदेशी बियांना दार उघडलं. खासगी कंपन्या वाढल्या, संकरित वाण वाढले. आमच्या काकांनी नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेतात संकरित भेंडी लावली आणि ते चुकले असं मी म्हणणार नाही. केवडा कमी, तोडे जास्त, भेंडी एकसारखी. काका म्हणतात, "आईची भेंडी आठवडी बाजारात खपंल. वाशीच्या मार्केटात व्यापारी हात लावायचा नाही." जगातली निम्म्याहून जास्त भेंडी भारतात पिकते. ती पिकवणाऱ्याला बियाण्याच्या आठवणींवर घर चालवता येत नाही.

बी ठेवण्यावर बंदी आली का? नाही. उलट २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याच्या कलम ३९ ने शेतकऱ्याला आपल्या शेतातलं बी ठेवण्याचा, पेरण्याचा, अदलाबदल करण्याचा, विकण्याचासुद्धा हक्क दिला आहे. फक्त नोंदणीकृत वाणाचं बी ब्रँडच्या पाकिटात घालून विकता येत नाही. असा स्पष्ट हक्क फार थोड्या देशांत आहे. पण संकरित बियाच्या बाबतीत तो कागदावरच राहतो. कायदा म्हणतो, ठेव. ठेवलं तर काय होतं, ते माझ्या बाल्कनीने दाखवलं.

आणि हे संकरित बी तयार कुठे होतं? बरंचसं आमच्याच भागात. जालना जिल्ह्यात आणि शेजारच्या बुलढाण्यात, देऊळगाव राजाच्या परिसरात. माझी मावशी दोन हंगाम या कामाला जात होती. त्याला सगळे 'क्रॉसिंग' म्हणतात. भेंडीचं फूल एकाच दिवसाचं, पहाटे उमलतं आणि दुपारनंतर मिटतं. म्हणून उद्या उमलणारी कळी आज संध्याकाळी शोधायची, नखाने तिचं टोपण सोडवायचं, आतली परागाची नळी अलगद सोलून काढायची आणि कागदी टोपी घालायची. सकाळी नराच्या ओळीतली फुलं तोडून आणायची आणि एकेका कळीवर पराग घासायचा. हे काम मशीनने होत नाही. बहुतेक बायकाच करतात. एखादी कळी चुकली तर तिच्यात संकराऐवजी मादी वाणाचंच बी भरतं. पुढे कंपनी त्या बियातलं थोडं लावून शुद्धता तपासते आणि लॉट नापास झाला तर शेतकऱ्याचे अख्ख्या हंगामाचे पैसे अडकतात. मावशी ज्या शेतावर होती, तिथे एका वर्षी तसंच झालं. मजुरीसाठी तिला दिवाळीपर्यंत चकरा माराव्या लागल्या.

मावशीला भेंडीच्या फुलाचं जेवढं कळतं, तेवढं मी वाचून कळवून घेतलेलं काहीच नाही. आत्याबाई, आजी आणि मावशी, तिघी भेंडीच्या बियावरच काम करत होत्या. पहिल्या दोघींच्या घरात गाडगं होतं. मावशी हजारो कळ्यांचं लग्न लावून घरी येते आणि परसात लावायला दुकानातून पाकीट आणते.

एकतीसपैकी दोन

गेल्या मार्चमध्ये गावी गेलो. आजीने कपाटातून टाल्कम पावडरचा जुना डबा काढला. आजोबा गेले त्या वर्षीचं, म्हणजे सात वर्षांपूर्वीचं बी. त्यानंतर तिचे गुडघे गेले, चूल जाऊन गॅस आला, उतरंड माळ्यावर गेली. काकांच्या शेतातल्या भेंडीची सरमिसळ होते म्हणून तिने आधीच नाद सोडत आणला होता. डब्यात एकतीस बिया होत्या.

प्रमाणित भेंडीच्या बियाची उगवण किमान ६५ टक्के असावी लागते. पण ते ताज्या बियाचं. भेंडीचं बी घरातल्या हवेत दोन-तीन वर्षं चांगलं उगवतं, मग झपाट्याने उतरत जातं. दिल्लीच्या राष्ट्रीय जनुकपेढीत ते वाळवून उणे १८ अंशांत ठेवतात, तिथे ते दशकानुदशकं जगतं. तिथल्या संग्रहात आज लाखो नमुने आहेत, आणि ते असायलाच हवेत. पण फ्रीजरमधल्या बियाला नवा केवडा भेटत नाही, नवं ऊन भेटत नाही. ते जसं गेलं तसंच राहतं. शेतातलं बी दरवर्षी नव्या परीक्षेला बसतं. आपल्या भाषेत सांगायचं तर एक बॅकअप आहे आणि दुसरी चालू सिस्टिम. दोन्ही लागतात.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे हे दुसरं काम करतात. शाळेत कधी न गेलेल्या राहीबाईंनी वाल-घेवड्यापासून भातापर्यंत कितीतरी स्थानिक वाण राखले, वाढवले, गावागावांत वाटले. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बी वाटणं हाच बी राखण्याचा सगळ्यात भरवशाचा मार्ग आहे, हे बहात्तरनंतर ओंजळ-ओंजळ देणाऱ्या माझ्या आजीलाही ठाऊक होतं. एका घरातलं गाडगं फुटलं तरी शेजारच्या घरातलं शाबूत असतं.

एकतीसही बिया रात्रभर भिजत घातल्या. ओल्या फडक्यात गुंडाळून उबेला ठेवल्या. चौथ्या दिवशी एक उगवली, सहाव्या दिवशी दुसरी. बाकीच्या कुजल्या. दोन रोपं दोन ग्रो-बॅगांत लावली. या वर्षी बाल्कनीत दुसरी भेंडी नाही, मधमाश्यांना पर्याय नको म्हणून.

जुलैत एका झाडाला केवडा आला. मी ते उपटलं. श्रावणातली भेंडी श्रावणातच गेली. एवढ्या वर्षांत विषाणूच बदलला, की ते झाडच शेतातल्या सरमिसळीचं होतं, हे एका झाडावरून ठरवता येत नाही. दुसरं झाड उभं राहिलं. माझ्या खांद्याच्या वर गेलं. पाच शिरांच्या, गुळगुळीत, गडद हिरव्या भेंड्या लागल्या.

त्याला मी चिंधी बांधली. जुन्या कंपनीच्या टी-शर्टची. बाल्कनीत भाजी तोडायला येणाऱ्या पोरी नाहीत, एक रूममेट आहे. त्याचा हात दोनदा धरावा लागला.

सप्टेंबरअखेर शेंगा वाळल्या. चार शेंगा, १९३ बिया. चार कागदी पुड्या केल्या. एक माझ्याकडे, एक मावशीला, एक रूममेटच्या आईला सांगलीला, एक आजीला. एका झाडाची ही संतती, तिच्यात वैविध्य फार नाही, हे मला कळतं. चार ठिकाणी वेगवेगळ्या मातीत ती काय करते, ते पुढच्या वर्षी दिसेल.

पुड्यांवर लिहायला पेन घेतलं आणि आजीला फोन लावला.

"किती खाल्ल्यास?" तिने विचारलं.

"एकपण नाही."

"बरं केलंस. पहिल्या साली खात नसतेत."

"पुडीवर नाव काय लिहू? पुसा सावनी लिहू का? दिल्लीची लिहू?"

पलीकडे थोडा वेळ शांत होतं. मग म्हणाली, "चंद्रभागाबाईची लिही. आत्याबाईचं नाव चंद्रभागा व्हतं."

मला ते नाव आधी माहीत नव्हतं. चारही पुड्यांवर ते लिहिलं, खाली वर्ष टाकलं.